बोला आणि बोलू नका

भूल देणाऱ्या डॉक्टरचा सत्कार सहसा होत नाही. आम्ही ज्याच्यासाठी सगळं करतो तो नेमका तेव्हा झोपलेला असतो, आणि जागा झाला की सर्जनपुढे हात जोडतो. माझ्या सासूबाईंना तर अजून वाटतं की मी सर्जनच्या हाताखाली शिकते आहे आणि नीट वागले तर एक दिवस मलाही कापायला देतील. त्यामुळे मस्कतमधल्या आमच्या हॉस्पिटलने भूलशास्त्र आणि अतिदक्षता विभागासाठी संशोधनाचं वार्षिक बक्षीस जाहीर केलं, तेव्हा ते आपल्याला मिळायलाच हवं असं मी ठरवून टाकलं. उगाच साळसूदपणा कशाला, मला ते हवं होतं.

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. मी जात्याच बडबडी. शाळेत निम्मे तास वर्गाबाहेर काढलेले. मस्कतला आल्यावर या बडबडीला एक जागा मिळाली. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर पडदे लावलेली एक लांबट खोली आहे, तिथे पेशंट आपल्या पाळीची वाट बघत ट्रॉलीवर पडलेले असतात. अंगावर हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, पोटात काही नाही, आणि डोळे छताकडे. मी जाऊन बसायचे आणि विचारायचे, घर कुठे, घरी कोण, स्वयंपाक कोण करतं, बकऱ्या किती. हिंदीत, मराठीत, आणि ऐकणाऱ्याला आजारपण विसरायला लावील अशा अरबीत. पाच मिनिटांत माणूस सैल व्हायचा. माझे पेशंट शांत झोपतात आणि शांत उठतात, असं मी सगळ्यांना सांगत असे. सिस्टर्सही माना डोलवत. न डोलवून सांगतात कुणाला?

आमचे विभागप्रमुख ओमानी. मृदू, नीटनेटके, आवाज कधी न चढवणारे. एकदा माझं हे पुराण ऐकून घेऊन ते म्हणाले, "डॉक्टर, फार छान. पण हे सिद्ध झालंय का?"

झालं. मी सिद्ध करायला निघाले.

पद्धत सोपी होती. प्रत्येक पेशंटमागे एक बंद पाकीट. आत चिठ्ठी, एक तर 'बोला', नाही तर 'बोलू नका'. 'बोला' निघालं तर पाच मिनिटं गप्पा. 'बोलू नका' निघालं तर फक्त कामाचे प्रश्न, म्हणजे नाव, उपाशी आहात का, कुठल्या औषधाने त्रास होतो का, दात खोटे आहेत का. मग पेशंट किती घाबरलेला आहे, भुलीचं औषध किती लागतं, उठताना किती तळमळतो, याची नोंद थिएटरच्या आत दुसऱ्या डॉक्टरने करायची. त्याला पाकिटात काय होतं ते ठाऊक नसायचं. सगळं कसं शास्त्रशुद्ध. सगळ्यांना समजावून सांगायला मी एक मीटिंगही घेतली. डॉक्टर आले, सिस्टर्स आल्या, खजूर आणि काहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, असं झालं.

भाई त्या मीटिंगला खुर्च्या लावून गेले. भाई म्हणजे आमच्या थिएटरचे टेक्निशियन. रत्नागिरीकडचे, पन्नाशी उलटलेले, निम्मं आयुष्य ओमानमध्ये गेलेलं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन भुलीचं मशीन तपासणार, नळ्या जोडणार, आणि एकेका पेशंटची ट्रॉली पडद्याच्या खोलीतून थिएटरपर्यंत ढकलत आणणार. मला ते मॅडम म्हणत आणि मी त्यांना भाई. त्यांना मीटिंगला थांबायला सांगावं असं माझ्या मनात आलं नाही. आता आठवून बघते तरी आलं नव्हतंच.

'बोला'ची पाकिटं माझ्या आवडीची. 'बोलू नका' मात्र जिवावर यायचं. त्यातला एक दिवस मला स्पष्ट आठवतो. हर्नियाचे एक म्हातारबाबा होते. पांढरी दाढी, मस्कतच्या रुवी भागात त्यांचं नारळाचं आणि किराणामालाचं दुकान होतं. मी पाकीट फोडलं, 'बोलू नका'. आणि सिस्टरशी मी बोललेल्या दोन शब्दांवरून म्हातारबाबांनी मला ओळखलं.

"डाक्टरीणबाय, तुमी मराठी? कुठल्या वो तुमी?"

इतक्या लांब, त्या थंडगार खोलीत, असा कोकणी हेल कानावर पडला की माझ्यासारखीचं काय होत असेल! तोंडात शब्द आले होते. मी ते गिळले आणि विचारलं, "दात खोटे आहेत का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कवळी काढून माझ्या हातात दिली आणि छताकडे बघायला लागले. मी उत्तरं लिहून घेतली आणि औषधं भरायला आत गेले. मागून भाई ट्रॉली घेऊन आले. शास्त्रासाठी एवढं करावंच लागतं, असं मी दिवसभर स्वतःला सांगत होते.

पुढे सगळी पाकिटं संपली, आकडे मांडले, आणि निकाल आला. काही फरक नाही. बोललेले आणि न बोललेले, दोन्ही गट सारखेच शांत, सारखेच झोपलेले, सारखेच उठलेले. माझ्या इतक्या वर्षांच्या बडबडीचा कुणाला तसूभर उपयोग झालेला नव्हता. घरी येऊन मी पंख्याखाली बसून राहिले. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय आशेने विचारलं, "म्हणजे आता घरीपण कमी करणार का?"

मी त्या दिवशी खरंच त्याच्याशी बोलले नाही. त्यालाही काही फरक पडला नाही.

पण प्रमुखांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, आपली लाडकी समजूत खोटी ठरली तरी निकाल जसाच्या तसा मांडायला धैर्य लागतं. शोधनिबंध छापून आला आणि बक्षीस मला मिळालं. काचेचं स्मृतिचिन्ह, लोबान जाळायच्या धुपाटण्याच्या आकाराचं, खाली माझं नाव कोरलेलं. भाषणात माझ्या प्रांजळपणाचं इतकं कौतुक झालं की मलाही तो आपल्यात पहिल्यापासून असल्यासारखं वाटायला लागलं. अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते टीव्हीशेजारी ठेवलं. पुण्यात आईने अख्ख्या सोसायटीला फोटो पाठवला. इतकी वर्षं लोकांना झोपवल्याबद्दल नाही, तर माझ्या बोलण्याने काही होत नाही हे दाखवल्याबद्दल मी नावाजले गेले.

आणि मी बोलायचं सोडलं. उपयोग नाही हे सिद्ध झाल्यावर पाच मिनिटं कशाला घालवायची? यादी लांबलचक असते. विभागातही तसं ठरलं, कामाचे प्रश्न विचारा आणि पुढे चला. पडद्याच्या खोलीत एकदम शिस्त आली. एसीचा आवाज ऐकू येऊ लागला.

या यशाची वार्ता आमच्या मराठी मंडळाला लागली. मंडळाचे सेक्रेटरी हौशी गृहस्थ. त्यांचा फोन आला, "वहिनी, आपला माणूस असं काही करतो आणि आपण गप्प बसायचं म्हणजे काय? शाल-श्रीफळ झालंच पाहिजे." मी आढेवेढे घेतले, पण ते आपले रीतीपुरते. मनातून मी साडी ठरवत होते.

दार्सैतच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. मानपत्र सेक्रेटरींनी स्वतः लिहिलं होतं. त्यात माझी ज्ञानगंगा होती, आखाताच्या वाळूत फुललेलं कमळ होतं, आणि शेवटी असं होतं की मायमराठीतल्या दोन गोड शब्दांनी भुलीच्या औषधालाही मागे टाकलं, हे मी जगाला दाखवून दिलं. शोधनिबंध कुणी वाचलेला नव्हता. माझी मुलगी पहिल्या रांगेत बसून ते मराठी समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. तिने मला हळूच विचारलं, "मम्मा, रिझल्ट उलटा होता ना?"

मी माइक हातात घेतला. प्रांजळपणाचं बक्षीस मिळवलेल्या बाईने निदान एवढं तरी करायला हवं होतं, म्हणून म्हटलं, "खरं म्हणजे माझ्या अभ्यासात असं दिसलं की बोलण्याने काही फरक पडत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सेक्रेटरी म्हणाले, "बघा, विनय!"

तेवढ्यात मागून कुणीतरी उठून पुढे येताना दिसलं. पांढरी दाढी, हातात रिकामी पिशवी. तेच म्हातारबाबा. सत्काराचे नारळ त्यांच्याच दुकानातून आले होते. ओमानच्या दक्षिणेतल्या सलालाहचे नारळ. ते पोचवायला आले होते आणि माझा चेहरा बघून थांबले होते. आपण माझे पेशंट होतो असं त्यांनी सांगताच सेक्रेटरींनी लगबगीने त्यांच्या हातात माइक दिला. कार्यक्रमात पेशंट उठून बोलतोय म्हटल्यावर त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

"या डाक्टरीणबायनी माला झोपवला व्हता," म्हातारबाबा म्हणाले. "खरा सांगतो, माला राग आला व्हता. मी इचारला कुठल्या तुमी, तर यांनी दाताचा इचारला. मनात म्हटला, पुण्याची असनार."

हॉल खो खो हसला. मीही हसले. पण ते खरं होतं. दोन्ही अर्थांनी.

"पन मग त्यो गाडी ढकलनारा आला. आमच्याकडचाच. सगळा रस्ता माझ्याशी बोलत व्हता. गाव इचारला, हिरीला पानी हाय काय इचारला, आंबा मोहरला काय इचारला. दारात गाडी थांबवून माझा हात धरून उभा ऱ्हायला. मी इतका घाबरलेला व्हतो, कुनाला सांगू नका, पन तेच्यामुळे मी शांत झोपलो. तेला या बायनीच सांगून ठेवला असनार. या मोठ्या मान्सा सोता बोलत न्हायत, पन सोय करून ठेवतात."

त्यांनी मला हात जोडले. पुन्हा टाळ्या. मी नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होते. माझा 'बोलू नका'चा पेशंट सगळा रस्ता बोलत गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाईंना मशीनजवळ गाठलं. ते नळी तपासत होते.

"भाई, आपला अभ्यास चालू होता तेव्हा तुम्ही पेशंटशी बोलत होता?"

"हो मॅडम."

"सगळ्यांशी?"

"सगळ्यांशी कशाला? जो घाबरलेला दिसेल त्याच्याशी. तुम्ही ज्यांच्याशी गप्पा मारायच्या ते हसतच यायचे, त्यांना काय गरज? बाकीचे असे यायचे…" त्यांनी डोळे मोठे करून छताकडे बघितलं. "मग ट्रॉली जरा हळू आणायची. एवढंच."

"पण भाई, बोलायचं नाही असं ठरलं होतं!"

"ते तुम्हाला होतं ना? दारावर कागद लावला होता, मी वाचला. डॉक्टर बोलणार नाहीत. सिस्टर बोलणार नाहीत." त्यांनी नळी जागेवर लावली. "मला वाटलं, मॅडमने मुद्दाम माझं नाव लिहिलं नाही. कुणीतरी बोलायला पाहिजेच ना."

तो कागद मीच लिहिला होता. पेशंटच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येकाचा त्यात विचार केलेला होता. फक्त त्याला आत घेऊन जाणाऱ्या माणसाचा नव्हता. खुर्च्या लावणारा, नळ्या जोडणारा, ट्रॉली ढकलणारा. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम करून ते खोलीत असतात हे मी मोजलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. साधी नव्हे, कान गरम होणारी.

आता अडचण अशी होती. दोन्ही गट सारखे आले, कारण दोन्ही गटांशी कुणी ना कुणी बोललं होतं. माझा निकाल पोकळ होता, आणि त्याच निकालाच्या जोरावर आम्ही पडद्याच्या खोलीत सगळ्यांना गप्प केलं होतं. हे सांगायलाच हवं होतं. पण सांगितलं की पहिला प्रश्न येणार, बोललं कोण? भाई हॉस्पिटलचे नोकर नव्हते, माणसं पुरवणाऱ्या कंपनीचे होते. त्यांचं काँट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं. त्यांच्या जागी ओमानी मुलांना शिकवून तयार करणं सुरू झालंच होतं, आणि नूतनीकरणाच्या फायलीत नियम मोडल्याचा एक कागद पडला की खलास. गावी त्यांच्या धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. ते संपेपर्यंत रेटायचंय, असं ते मला नेहमी सांगत.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. काचेचं धुपाटणं टीव्हीशेजारी चमकत होतं. ते मला अजूनही आवडत होतं, हेही सांगून टाकते. नवऱ्याला म्हटलं, काय करू? तो म्हणाला, "तू मला विचारतेयस म्हणजे तुझं ठरलंय." या माणसाला काही गोष्टी कळतात, त्या तो वर्षातून एकदाच दाखवतो.

मी प्रमुखांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, काहव्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "डॉक्टर, बक्षीस देऊन झालं. फोटो छापून झाले. पुढच्या वेळी जास्त काळजी घ्या, इन्शाल्ला."

मी म्हटलं, मला लेखी कळवायचं आहे. मग त्यांनी कपाटातून एक फॉर्म काढून दिला. माणूस सरळच होता, फक्त मला मागे फिरायची एक संधी देऊन बघत होता. फॉर्मवर रकाने होते. काय घडलं, कधी कळलं, आणि शेवटचा, नियम मोडणाऱ्या व्यक्तीचं नाव.

मी त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. ते खोटं नव्हतं. भाईंनी नियम मोडला नव्हता, त्यांच्यासाठी मी नियमच केला नव्हता. प्रमुखांनी नाव वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि कोण बोललं हे विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

पुढचं सगळं सभ्यपणे पार पडलं. शोधनिबंध मागे घेतला गेला. बक्षीस रद्द झाल्याचं पत्र आलं, बक्षीस मिळाल्याच्या पत्राइतकंच नम्र. धुपाटणं परत करायला गेले तर ऑफिसातल्या माणसाने ते उलटसुलट करून पाहिलं. बक्षीस देण्याचं रजिस्टर होतं, परत घेण्याचं नव्हतं. शिवाय माझं नाव कोरलेलं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला देताही येईना. "मॅडम, घरीच ठेवा," तो म्हणाला. आईला मी अजून सांगितलेलं नाही. मंडळाने मानपत्र परत मागितलं नाही, कारण त्यांच्या मते माझा विनय आता फारच झाला होता. आणि नारळाच्या वड्या तर कधीच खाऊन झाल्या होत्या.

भाईंचं काँट्रॅक्ट आणखी दोन वर्षांसाठी वाढलं.

ते कळलं त्या दिवशी मी खुशीत होते. माझ्या डोक्यात एक बेत शिजत होता. पडद्याच्या खोलीत त्यांना गाठून मी म्हटलं, "भाई, आपण हा अभ्यास पुन्हा करू. या वेळी नीट. बोलणारे डॉक्टर नाहीत, तुम्ही. सगळं तुमच्या पद्धतीने, ट्रॉली हळू आणणं, हात धरणं, सगळं. आणि निबंधावर पहिलं नाव तुमचं. बक्षीस मिळालं तर स्टेजवर तुम्ही जायचं."

ते थांबले. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं खूश झालेलं पाहिलं नव्हतं.

"माझं नाव? छापून?"

"छापून. सगळ्यांच्या आधी."

"धाकटीला दाखवता येईल," ते म्हणाले. "तिच्या कॉलेजात असलं वाचायला लावतात." मग त्यांच्या कपाळावर आठी आली. "पण मॅडम, पाकिटं असणार?"

"असणारच. त्याशिवाय सिद्ध कसं होणार?"

"म्हणजे अर्ध्या लोकांशी बोलायचं नाही."

"हो. पाकिटात निघेल तसं."

"घाबरलेला असला तरी?"

मी नजर वळवली. ट्रॉलीवर एक बांगलादेशी कामगार होता, तिशीचाही नसेल. त्याला आमची भाषा कळत नव्हती. तो छताकडे बघत होता आणि चादरीखाली त्याचे पाय हलत होते.

भाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग माझं नाव नको, मॅडम," ते म्हणाले, आणि ट्रॉलीचा ब्रेक पायाने सोडला. "बोलो भाई, घर किधर है?"

पोरगा काहीतरी पुटपुटला. भाई वाकून ऐकायला लागले. थिएटरचं दार पंधरा पावलांवर होतं, आणि तिथे पोचायला त्यांना बराच वेळ लागला. मी घाई केली नाही.